खड्ड्यातला आवाज

"तोंड उघडतं का नाक दाबून ओतू?" मी म्हटलं.

शशीने मान भिंतीकडे फिरवली. कोसमटोल्याच्या शाळेतली आमच्या मुक्कामाची खोली, भर दुपार, बाहेर शंकरपटाचा गलका. बैलजोडी सुटली की सगळं गाव एका घशाने ओरडायचं. तेवढ्यात मी पेजेचा चमचा तिच्या ओठांशी न्यायची.

"मले ओकारी येते, वच्छला."

"पोटात काही असन तर येईन ना. रिकाम्या मडक्यातून का सांडते?"

ती हसली. हसली की ओठांच्या कोपऱ्यातले फोड ताणायचे आणि हसू अर्ध्यातच मोडायचं. पण हसायला तोंड उघडावं लागतं, आणि मी त्याच संधीची वाट पाहत होते. चमचा आत गेला.

"सासू खरीच," ती गिळत म्हणाली.

आता शशी जाऊन बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले, दात गेले, पण जीभ अजून जागेवर आहे, म्हणून सांगते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बैलांचा पट, रात्री नाटक. गावोगावच्या लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. मी नाकाडे मालकांच्या कंपनीत खाष्ट सासूची कामं करायची. कामं इतकी चोख की बाजारात बायका मला वांगी मोजून द्यायच्या आणि तोंड वाकडं करून घ्यायच्या. शशिकला ही कंपनीची नायिका, माझी सून. रंगमंचावर मी तिला रोज छळायची, केसाला धरून घराबाहेर काढायची, आणि नाटक सुटलं की आम्ही दोघी एकाच चादरीत झोपायचो. थंडी पडली की आपले गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची, मेली.

तिचा नवरा ट्रकवर होता. तो सुकत सुकत मेला. मग हिला ताप, जुलाब, तोंडात फोड सुरू झाले. नागपूरला तिला मीच नेलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून रोगाचं नाव सांगितलं. एड्स. ते नाव तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं, आणि मला तर वाचताही येत नाही. मी त्यालाच विचारलं, "हिची लुगडी धुतली, हिच्या ताटात जेवली, तर मले होईन का?" तो म्हणाला, "नाही होत." मी म्हटलं, "मंग संपलं." आज ज्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात त्यांचं तेव्हा आम्ही नावही ऐकलं नव्हतं. ती यातून उठणार नाही हे तिलाही कळलं होतं आणि मलाही. कंपनीत आम्ही टीबी सांगितला. टीबीला लोक भितात, पण टीबीवाल्याच्या लेकराला शाळेच्या पट्टीवरून उठवत नाहीत.

लेकराचं सांगते. शशीला एक मुलगी होती, सुकेशनी. नवरा वारल्यावर शशीने तिला आपल्या भावाकडे ठेवलं, पोर तेव्हा जेमतेम पावलं टाकत होती. भाऊ मनोहर रामटेके, इथलाच, कोसमटोल्याचा. त्याने पोर घेतली, पण एका बोलीवर. "पोरीला मी सांगेन, माय मेली. तू या गावात तोंड दाखवायचं नाही. तुझ्या रोगाचं नाव इथं कोणाच्या कानावर गेलं, तर पोरीची सावलीही कोणी अंगावर घेणार नाही." शशीने शब्द दिला. मी मनोहरला पुष्कळ शिव्या घातल्या, पण मनात कळत होतं की माणूस खोटं बोलत नव्हता. शेजारच्या गावात अशाच एका घराच्या विहिरीत लोकांनी शेण टाकलं होतं.

आणि मालकांनी नेमकी कोसमटोल्याचीच तारीख घेतली.

"मले एकदा दाखव, वच्छला," शशी तेव्हापासून मागे लागली होती. "मी हात नाही लावत. मी बोलत नाही. दुरून पाहीन."

म्हणायला सोपं. शशी तोवर नायिका राहिली नव्हती. उभं राहिलं की तिला घेरी यायची, म्हणून मालकांच्या हातापाया पडून मी तिला प्रॉम्प्टर केलं होतं. आमच्याकडे तालमी फारशा होत नाहीत. आज इथे, उद्या तिथे, नाटकंही निराळी. सगळा कारभार प्रॉम्प्टरवर. शेतातली माती खोदून तिचा उंच ओटा घालतात, तोच रंगमंच. खोदल्याने पुढ्यात जो खड्डा पडतो त्यात पेटीवाला, तबलेवाला आणि नाटकाचं पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर बसतो. तोंड आमच्याकडे, पाठ प्रेक्षकांकडे. तो हळू आवाजात वाक्य देतो आणि नट तेच वाक्य रंग भरून मोठ्याने बोलतो. ज्यांना वाचता येतं ते थोडंफार पाठ करून येतात. माझं सगळं कानावर. कानात पडलं की तोंडातून निघालंच. एकदा शशीने खड्ड्यातून तबलेवाल्याला म्हटलं, "कवडू, ते बत्ती बाजूले कर गा, डोयावर येते." मी कमरेवर हात ठेवून सुनेवर कडाडले, "कवडू, ते बत्ती बाजूले कर गा, डोयावर येते!" लोक हसून हसून आडवे झाले. शशी तर पुस्तकात तोंड खुपसून इतकी हसली की पुढचं वाक्यच येईना. कवडू म्हणायचा, "वच्छलाबाईच्या कानापासून तोंडापर्यंत सरळ रस्ता हाये. मधात डोक्याचं टेशन लागतच नाही."

तर अशी ती खड्ड्यात, गावाकडे पाठ करून बसणार. गर्दीतली पोर तिला दिसणार कशी? मी बरेच दिवस डोकं खाजवलं आणि मग सुचलं. आमच्या त्या नाटकात शेवटच्या अंकात एक लहान लेकरू लागायचं. सुनेला हाकलून सासू नात स्वतःकडे ठेवून घेते, तो प्रवेश. लेकराला बोलायचं काही नसायचं, नुसतं उभं राहायचं, म्हणून कंपनी लेकरू सोबत नेत नसे. ज्या गावात नाटक, त्या गावातलंच एक उभं करायचो. गावकरीही खूश. लेकरू निवडायचं काम हंगामभर माझ्याकडे होतं.

"सुकी ओट्याच्या काठावर उभी राहीन," मी शशीला सांगितलं होतं. "तुह्या नाकासमोर. पाहून घे पोटभर."

तिने माझा हात इतका घट्ट धरला की हाडं टोचली. मग म्हणाली, "मी रडली तर?"

"तुले रडाले येरवी का वाजंत्री लागते? रड. खड्ड्यात कोन पायते?"

पेज संपवून मी मनोहरच्या घरी गेले. तो पटावर गेलेला, हे हेरूनच गेले. त्याची बायको इंदू दारात कुडाच्या भिंतीला टेकून धान पाखडत होती. कंपनीची सासू आपल्या अंगणात आली म्हणून शेजारच्या बायका गोळा झाल्या. मी म्हटलं, "लेकरू पायजे नाटकात उभं राहाले. जरा उंचीपुरी, चुणचुणीत पोट्टी." आणि डोळा आधीच लावून ठेवला होता. पोर चुलीजवळ बसून लाखोरीची भाजी निवडत होती. शशीचंच कपाळ.

"मामाले इचारा लागन," इंदू म्हणाली.

"मामा का बोलणार हाये नाटकात? उभी राहणार पोट्टी. अना गाव मनन, इंदूबाईची भाची नाटकात होती."

इंदू लाजली आणि विषय मिटला. पोर उठून माझ्यासमोर आली, मला वरून खाली पाहिलं.

"तुमी सुनेले खरंच मारता का?"

"खरंच मारतो. हात दुखते मंग रातभर."

"मंग नोका मारू."

 तिला म्हटलं, उद्या उजाडता उजाडता तुझं काम, मामीसोबत ये, आणि तिथून निघाले.

संध्याकाळी शशीचा ताप चढला. मालक खोलीत डोकावून म्हणाले, "बाई, आज दुसऱ्याले बसवतो. आपल्या दिगांबरले आजच्या नाटकात काम नाही."

"मालक, आजच्या दिवस," शशी उठून बसली. "आजच्या दिवस मलेच बसू द्या."

मालक माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणायला हवं होतं की नको. पण तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्यापुढे माझं काही चालेना. मी म्हटलं, "बसू द्या मालक. मी हाव ना."

घोंगडीत गुंडाळून मी तिला खड्ड्यात उतरवलं. पेटीवाल्याने सरकून जागा दिली. कवडूने मात्र आपलं बसकर थोडं पलीकडे ओढलं. कंपनीत टीबी सांगितला होता, पण कवडूचा टीबीवर विश्वास नव्हता. त्याने कधी विचारलं नाही. फक्त चहा आला की आपला ग्लास उचलून तिच्यापासून लांब जाऊन प्यायचा. मी त्याचा मनातून राग करायची. पण तोंडाने काही बोलले असते तर त्यानेच विचारलं असतं, मग बाईला झालंय तरी काय?

रात्र नेहमीसारखी गेली. गाणी झाली, मारामारी झाली, मी सुनेचे केस ओढले, बायकांनी माझ्या नावाने बोटं मोडली. शशीचा आवाज कधी पातळ व्हायचा, पण वाक्य चुकलं नाही. अंक पडला की मी खड्ड्यात वाकून तिला पाण्याचा घोट द्यायची. अंग तव्यासारखं. "जमते ना?" मी विचारायची. ती एवढंच म्हणायची, "आली का?"

आली. पूर्वेला फटफटलं होतं, पब्लिक शाली-घोंगड्यांत गुरफटून बसलेलं. इंदूने पोरीला विंगेत आणून सोडलं आणि स्वतः पाहायला पळाली. मी पोरीच्या गालाला पावडर लावली, काजळ घातलं.

"तुले बोलाचं नाही. काठावर उभी राहाचं अना खाली खड्ड्यात एक बाई बसली हाये तिच्याकडं पाहाचं. लोकायकडं पाह्यलं तर भेव वाटते. म्हणून तिच्याकडं पाहाचं. समजलं?"

"हो."

पडदा सरकला. मी नातीचा हात धरून पुढे आले, तिला काठाशी उभं केलं आणि पदर खोचला. प्रेक्षकांत कोणीतरी म्हणालं, "हे मनोहरची भाची वं!" कुजबुज उठली. मी खड्ड्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची माझी छाती नव्हती.

वाक्य आलं, मी बोलले, "गेली तुझी माय! गेली ते बरी गेली! या घरात आता माझा शब्द चालन!" पुढचं वाक्य आलं, तेही बोलले. लोक चुकचुकले. मग खड्ड्यातून काही येईना. मी उगाच एक फेरी मारली. डोळे वटारले. आणि मग खालून, अगदी हळू, आलं:

"तू जेवली का?"

"तू जेवली का?" मी गरजले.

पोरीला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण जेवलीस का असं कोणी विचारलं तर लेकरू गप्प कसं राहील? ती म्हणाली, "हो. वांग्याची भाजी खाल्ली." डोक्यावर टांगलेल्या माईकने ते सगळ्या मांडवभर नेलं. लोक हसले.

"केसं कोन इचरते तुहे?" खालून आलं.

"केसं कोन इचरते तुहे?"

"मामी. दोन येण्या घालते."

एव्हाना माझं डोकं जागं झालं होतं. हे नाटकात नव्हतं. इथे सुनेला शाप होता, छाती बडवणं होतं. पण तोंड कुठे ऐकतंय?

"गुडघ्याले का झालं?"

मी ते बोलले आणि बोलताना खाली पाहिलं. पोरीच्या परकराखालून गुडघ्याला बांधलेली चिंधी दिसत होती. मी तिला पावडर लावली, काजळ घातलं, हाताला धरून आणलं, आणि माझ्या नजरेस ती पडली नव्हती. खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ते पाय.

"सायकलवरून पडली," पोर म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. सांगितल्याप्रमाणे खड्ड्याकडेच पाहत होती.

"दुखते?"

"आता नाही दुखत."

 पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यांना वाटलं, सासूला पाझर फुटला. माझा आवाज सासूचा राहिलाच नव्हता, हे मलाही कळत होतं. विंगेतून मालक हाताने विचारत होते, काय चाललंय? मी त्यांच्याकडे पाठ केली.

"माय आठवते तुले?"

"माय आठवते तुले?" मी विचारलं.

"माय मेली," पोर म्हणाली. जसं सांगावं की शाळा सुटली.

 मग आवाज आला, पण आता तो हळू नव्हता. "मेली नाही..."

"मेली ना..." माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली. खरंच चावली, रक्ताची चव आली. कारण पुढचं मला माहीत होतं. तापात ती रोज तेच बरळायची: मेली नाही मी, मले एड्स झाला म्हणून माह्या भावानं मले मारून टाकलं. ते नाव आता या मांडवात, माईकखाली, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर पडणार होतं. नावाखाली पोर उभी होती, पावडर लावलेली. मी तोंड मिटलं. पण शशी कुठे थांबतेय? ती घोंगडीसकट उठायला लागली. तिने ओट्याच्या काठावर हात टेकला, नायिका असतानाचा तो आवाज तिच्या छातीत कुठून परत आला कोण जाणे. "मेली नाही वं बाई! मले तं..."

कवडूने तबल्यावर दोन्ही हातांनी थाप घातली.

अशी थाप मी पुन्हा कधी ऐकली नाही. ना सम, ना ताल. नुसता धडधडाट. पेटीवाल्याने एकदा कवडूकडे पाहिलं आणि भाता ओढून सगळ्या पट्ट्या दाबल्या. त्या गदारोळात शशीचं तोंड हलताना दिसत होतं, पण शब्द मला हातभरावरूनही ऐकू आला नाही. मग कवडूने एक हात तबल्यावर ठेवून दुसरा तिच्या खांद्याभोवती टाकला आणि तिला स्वतःच्या अंगाशी ओढून खाली बसवलं. तो, ज्याचा चहाचा ग्लास लांब जायचा.

मी उभी. कानात काही नाही. तोंडात काही नाही. इतकी वर्षं रंगमंचावर काढली, पण माझं स्वतःचं असं एक वाक्य मी तिथे कधी बोलले नव्हते. समोर गर्दीत एक माणूस उठून उभा राहिलेला दिसला. फेटा पटावरच्या धुळीने मळलेला. मनोहर.

मी पोरीचा हात धरला. म्हटलं, "घरात चाल, बाई. बाहेर थंडी हाये."

एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर माझ्यासोबत आली, पण मान वळवून मागे पाहत आली. पुढचे प्रवेश कवडूने पुस्तक मांडीवर घेऊन, वाजवत वाजवत, अडखळत सांगितले. शशी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून होती.

नाटक सुटलं. ऊन कोवळं होतं. पडदे, पेट्या भरून ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. मी आणि कवडूने शशीला उचलून मागच्या फळीवर, गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकवून बसवलं. ताप होताच, पण ती शुद्धीवर आली होती.

"मी का बोलली, वच्छला?"

"काही नाही बोलली. कवडू बोलू देते का कोनाले?"

"नाव घेतलं का मी?"

"नाही घेतलं," कवडू म्हणाला. "घेतलं असन तरी तबल्यानं घेतलं." आणि तो मान खाली घालून दोरी आवळायला गेला.

तेवढ्यात मनोहर आला. धापा टाकत, रागाने काळा पडलेला. ट्रकच्या मागे येऊन उभा राहिला आणि बहिणीकडे पाहताच त्याने फळीची कड धरली. त्याने तिला धडधाकट पाहिलेली होती. आता फळीवर होतं ते एवढंसं.

"शब्द देल्ता तुनं," तो शेवटी म्हणाला. आवाज दबका. "गावात तोंड दाखवणार नाही मनून शब्द देल्ता."

 मग मी कशी गप्प राहू?

"दाखवलं का तिनं तोंड?" मी म्हटलं. "रातभर खड्ड्यात बसली ते गावाकडं पाठ करून बसली. इचार कोनाले बी. तुह्या गावानं तिची पाठ पाह्यली फक्त."

"वच्छलाबाई, मी का कसाई हाव?"

"तसं मी मनलं नाही."

"पोट्टी माह्या घरात हाये. उद्या कोनी काही बोललं तं मी कोनाकोनाचं तोंड धरू?" त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते फेट्याच्या टोकाने पुसले. त्या क्षणी मला त्याची दया आली. रागही होताच.

आणि त्याच्या पाठीमागून पोर आली. काजळ गालावर उतरलेलं. मामाच्या पाठोपाठ धावत आली असावी.

"हे बाई कोन?" तिने मला विचारलं.

मनोहरने तिचा हात पकडला. शशीने घोंगडीतून माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

"आमची प्रॉम्प्टर हाये," मी म्हटलं.

"हिले ताप हाये?"

"हो."

"मंग खड्ड्यात कायले बसोलं हिले?"

 मालक तिथेच उभे होते, ते जमिनीकडे पाहू लागले. पोरीने मामाचा हात सोडला, चाकावर पाय देऊन फळीवर चढली. शशीने दोन्ही हात घोंगडीत ओढून घेतले, मुठी पोटाशी आवळल्या. हात नाही लावत म्हणाली होती. पोर तिच्याजवळ उकिडवी बसली. तिने आधी कपाळाला हात लावला, मग उलटा करून गळ्याला, घरात कोणी मोठं माणूस पाहतं तसा. शशीने डोळे मिटून घेतले. मुठी उघडल्या नाहीत.

"मामा," पोर वळून म्हणाली, "हे भल्ली तापते. घरी नेऊ हिले. मामी काढा करून देईन."

  मांडवातून पाहुणे घराकडे चालले होते, येता-जाता ट्रककडे पाहत होते. मनोहरने त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या दोघींकडे. आजही मला वाटतं, अजून थोडा वेळ मिळाला असता तर तो हो म्हणाला असता.

पण शशीने तो मिळू दिला नाही. तिने डोळे उघडले आणि पोरीकडे पाहून, अगदी सहज, एका बाईने परक्या लेकराला सांगावं तसं म्हणाली,

"नाही वं बाई. मले आज दुसऱ्या गावी नाटक हाये."

पोरीने मान डोलावली. नाटक असलं म्हणजे जावं लागणारच, हे तिला पटलं. ती उतरली आणि मामाचा हात धरून उभी राहिली.

दुसऱ्या गावी नाटक नव्हतं. आमचा हंगाम त्याच सकाळी संपला होता. शशीला जायला माझ्या घराशिवाय घर नव्हतं, आणि हे मनोहरला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, कवडूलाही माहीत होतं. 

मी फळीवर चढून शशीला टेकून बसले, ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली आणि ओरडले, "चाल गा डायव्हर, पडदा उघडाची येळ होते!"